‘नाही’साठी बटण

माझ्या आत्याला हॉस्पिटलात सगळे हरकतबाई म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं असा माझा संशय आहे. दर महिन्याच्या बैठकीत व्यवस्थापक साहेब शेवटी विचारायचे, "कोणाची काही हरकत?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, लोकांनी खुर्च्या मागे सरकवाव्यात म्हणून असतो. आत्याचा हात मात्र वर असायचा. मग खुर्च्या पुन्हा पुढे यायच्या, कोणीतरी सुस्कारा टाकायचं, आणि साहेब म्हणायचे, "बोला बाई."

माझे वडील तिचे थोरले भाऊ. त्यांचा स्वभाव नेमका उलटा. नोकरीभर त्यांनी समोर आलेल्या प्रत्येक कागदावर सही केली आणि सुखानं निवृत्त झाले. "सही केल्यानं हात झिजत नाही," असं ते म्हणायचे. आतोबा गेल्यापासून आत्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहायची, पण संध्याकाळचा चहा आमच्या स्वयंपाकघरात व्हायचा, आणि चहाबरोबर हॉस्पिटलातल्या दिवसभराच्या लढाया.

तिचं काम संमतीपत्रांचं. ऑपरेशनच्या आधी पेशंटनं किंवा घरच्यांनी ज्यावर सही करायची असते, तो कागद समजावून सांगायचा, सही घ्यायची आणि फाइल वर पाठवायची. भरतीच्या खिडकीशेजारी तिचं टेबल होतं. टेबलाला सुतळीनं बांधलेलं पेन, कारण लोक घाबरले की पेन खिशात घालून निघून जातात. कागदाच्या काळात माणसं त्यावर काय काय करायची. कोणी एखादी ओळ खोडायचं, कोणी समासात लिहायचं, ‘आधी मुलीला फोन करा’. डॉक्टर ते बघून कुरकुरत खाली यायचे, बोलायचे, आणि बहुतेक वेळा काहीतरी मार्ग निघायचा.

मग सॉफ्टवेअर आलं. आता सगळे कागद यंत्रात आणि सही टॅबच्या काचेवर बोटानं.

तुम्हाला वाटेल, आत्यानं विरोध केला असेल. अजिबात नाही. सगळ्यांत आधी शिकली ती. तळघरातली खोकी, ओलीचा वास, कागदांना लागलेली कसर या सगळ्याला ती इतकी वैतागली होती की काय सांगू. जुना कागद शोधायला खाली गेलेला माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत वर येत नसे. आता नाव टाकलं की कागद समोर. "देव भलं करो त्या पोरांचं," ती म्हणाली. तिच्या तोंडून कोणाचं कौतुक ऐकायची आम्हाला सवय नव्हती. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला.

पण त्या सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात एका दिव्याचं चित्र होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘सुधारणा सुचवा’. बाकीच्यांना ते चित्र शोभेचं वाटलं. आत्याला ते आमंत्रण वाटलं.

तिनं लिहायला सुरुवात केली. अक्षरं मोठी करा, इथे येणाऱ्या निम्म्या लोकांचा चष्मा घरी राहिलेला असतो. सहीची चौकट रुंद करा, हात थरथरणाऱ्यांची सही बाहेर जाते आणि यंत्र ‘सही अपूर्ण’ म्हणून त्यांचा अपमान करतं. ‘पुढे’ आणि ‘सही करा’ ही बटणं सख्ख्या भावांसारखी चिकटून उभी आहेत आणि दोन्ही हिरवी आहेत, त्यांना वेगळं करा. एकाच नावाचे दोन पेशंट असले तर नावाशेजारी वय दिसू द्या, कालच पित्ताशयवाल्याचे कागद गुडघेवाल्याच्या फाइलीत गेले होते.

प्रत्येक वेळी उत्तर यायचं, ‘आपली सूचना आमच्यासाठी मौल्यवान आहे.’

"मौल्यवान आहे म्हणून तिजोरीत कुलूप लावून ठेवतात वाटतं," आत्या म्हणाली, आणि पुढची सूचना लिहायला बसली.

त्यांतली एक सूचना खरंच मान्य झाली. लोक न वाचता सही करतात म्हणून तिनं सुचवलं होतं की कागद शेवटच्या ओळीपर्यंत खाली सरकवल्याशिवाय सहीची चौकट उघडूच नये. नवीन सोय आल्यावर ती आठवडाभर खूश होती. मग एका दुपारी अपघातातला एक माणूस आला. त्याची बायको टेबलापाशी उभी, दोन्ही हातांना रक्त, आणि ओल्या बोटानं काच सरकेना. पान वर जायचं, पुन्हा खाली यायचं. ती बाई रडत सरकवत राहिली. आत्यानं टॅब बाजूला फेकला, कपाटातून जुना छापील कागद काढला, त्यावर तिचा अंगठा घेतला आणि डॉक्टरांना ओरडून सांगितलं, "न्या त्याला, संमती आहे."

माणूस वाचला. आत्यानं त्याच दिवशी दिव्यावर टिचकी मारून लिहिलं, ‘माझी मागची सूचना चुकीची होती. तातडीच्या पेशंटसाठी ती ताबडतोब काढा.’

उत्तर आलं, ‘आपली सूचना आमच्यासाठी मौल्यवान आहे.’

तेव्हा तिनं सूचना सोडून थेट कंपनीचा नंबर शोधून फोन लावला आणि ज्यानं उचलला त्याला सोडलंच नाही. फोन हातोहात फिरत शेवटी एका मुलीपर्यंत पोचला. ते सॉफ्टवेअर प्रत्यक्ष लिहिणाऱ्यांपैकी ती एक होती. आम्ही घरी तिला सॉफ्टवेअरवाली म्हणू लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. उद्या काढते." आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच निघालं.

वडील म्हणाले, "बघ. तोंडघशी पडलीस ना? आता जरा गप्प बस."

"चुकले म्हणून गप्प बसू?" आत्या म्हणाली. "चुकलेय म्हणून तर तोंड उघडायला हवं. चूक माझी, ती निस्तरायला काय शेजारीण येणार?"

खरी गोष्ट पुढेच आहे. ती एका शिंप्याची.

शिंप्याच्या उजव्या हाताची तर्जनी सुई रुतून पिकली होती आणि पू आत उतरत चालला होता. हात उघडून साफ करायचा होता. त्याच्या संमतीपत्रात एक ओळ होती, ‘शस्त्रक्रियेदरम्यान गरज भासल्यास बोट किंवा बोटाचा भाग काढण्यास माझी संमती आहे.’ आत्यानं ती वाचून दाखवली. शिंपी म्हणाला, "ही ओळ नको."

"का हो?"

"ताई, मी नाही म्हणत नाही. काढायची वेळ आलीच तर मला जागं करा आणि विचारा. झोपेतून उठलो आणि बोट गायब, असं नको. या बोटानं मी घर चालवलंय."

आत्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. कागद असता तर त्यानं ओळ खोडली असती, शेजारी छोटी सही केली असती, संपला विषय. पण टॅबवर ओळ खोडता येत नव्हती. दोनच बटणं होती, ‘सही करा’ आणि ‘नंतर’. ‘नंतर’ दाबलं की थोड्या वेळानं टॅब टुणटुण वाजायचा आणि पुन्हा तोच प्रश्न. जगात माणूस एक तर हो म्हणतो किंवा नंतर हो म्हणतो, तिसरं काही म्हणतच नाही, असं त्या यंत्राचं ठाम मत होतं.

व्यवस्थापक साहेब तिथून जात होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "बाई, सही घ्या आणि डॉक्टरांना तोंडी सांगा. सहीशिवाय थिएटरच्या यादीत नाव हिरवं होत नाही."

"साहेब, ‘नाही’ तोंडी चालतं, मग ‘हो’च लेखी कशाला लागतं?"

"वाद नको."

"वाद नाही. पेशंट नाही म्हणतोय, मी त्याच्याकडून हो लिहून घेणार नाही."

तिनं कागद छापून काढला. शिंप्यानं डाव्या हातानं ती ओळ खोडली आणि वेडीवाकडी सही केली. मग आत्या तो कागद घेऊन स्वतः हाताच्या डॉक्टरांकडे गेली. हे डॉक्टर फार कमी बोलायचे. त्यांनी खोडलेली ओळ वाचली, शेजारी स्वतःची सही ठोकली आणि थिएटरच्या सिस्टरांना फोन केला, "नाव लालच राहू द्या. माणूस वर घ्या." आत्यानं कागद स्कॅन करून ‘इतर कागदपत्रे’ या फोल्डरमध्ये टाकला, कारण खोडलेल्या संमतीसाठी त्या सॉफ्टवेअरात दुसरं घरच नव्हतं.

हात साफ झाला. पण दोन-तीन दिवसांत बोटाचं टोक काळं पडलं. डॉक्टर शिंप्याच्या खाटेवर येऊन बसले आणि त्याला सांगितलं, आता टोक काढावं लागेल. शिंप्यानं बोट उजेडाकडे धरून बघितलं. "कुठपर्यंत?" त्यानं विचारलं. डॉक्टरांनी पहिल्या पेरावर नखानं रेघ दाखवली. शिंपी म्हणाला, "काढा." या वेळी त्यानं काही न खोडता टॅबवर डाव्या हातानं सही केली. यंत्र म्हणालं, ‘सही अपूर्ण.’ आत्यानं त्याचीही नोंद करून ठेवली.

व्यवस्थापकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "दोनदा भूल, दोनदा थिएटर," ते म्हणाले, "आणि शेवटी झालं काय? पहिल्याच दिवशी जे झालं असतं तेच."

"तेच नाही झालं, साहेब," आत्या म्हणाली. "पहिल्या दिवशी त्याचं बोट गेलं असतं. परवा त्यानं ते दिलं."

साहेबांना हा फरक पटला नाही. माणूस वाईट नव्हता तो, पण त्याच्या डोक्यात सदैव एक लाल-हिरवी यादी लटकलेली असायची. दुसऱ्या दिवशी आत्याच्या खात्यात मेमो आला, त्याच सॉफ्टवेअरमधून. मजकूर असा होता, ‘मी ठरलेल्या कार्यपद्धतीचा भंग केला असून मला माझी चूक मान्य आहे. यापुढे असे होणार नाही.’ आणि त्याखाली दोन बटणं. ‘सही करा’. ‘नंतर’.

त्या संध्याकाळी चहा थंड झाला. वडील म्हणाले, "अगं, एक टिचकी मारायची आहे. निवृत्तीला किती दिवस राहिलेत तुझ्या? उगाच डोक्याला ताप."

"टिचकी मारते. ‘मला मान्य नाही’ असं बटण द्या म्हणावं, त्यावर मारते."

"तसं बटण नाहीये ना."

"तेच म्हणतेय मी, दादा. आठवडाभर दुसरं काय म्हणतेय?"

"कोण वाचतं ते मेमो? फाइलीत पडून राहतो."

"माझ्या नावानं पडून राहील ना? मी न केलेली चूक, माझ्या सहीनं, माझ्याच नावानं." तिनं कप बशीत आपटला. "रक्तानं हात भरलेली ती बाई आजही माझ्या डोळ्यांसमोर येते. ती चूक माझी होती, ती मी न मागता लिहून दिली. ही माझी नाही. ही मी देणार नाही."

वडील माझ्याकडे बघत म्हणाले, "हिला तू तरी सांग." मी सांगितलं नाही. मला तिचं पटत होतं, आणि पटलं नसतं तरी तिला सांगायची माझी छाती नव्हती.

टॅब वाजत राहिला. ती दर वेळी ‘नंतर’ दाबायची आणि कामाला लागायची. मग एका सकाळी पडद्यावर अक्षरं आली, ‘मेमो प्रलंबित असल्यामुळे आपले खाते थांबवण्यात आले आहे.’ खातं बंद म्हणजे काम बंद. हजेरीही त्याच खात्यातून लागायची, त्यामुळे रोज वेळेवर येणारी आत्या सॉफ्टवेअरच्या मते घरी बसून होती. फाटकावरचा दरवान म्हणायचा, "बाई, मी साक्षीला आहे. यंत्राला डोळे नाहीत, मला आहेत."

साहेबांनी तिच्या टेबलावर दुसरा कारकून बसवला. आत्यानं बाजूला एक स्टूल ओढलं, सगळ्या संमतीपत्रांच्या छापील प्रती मांडीवर घेतल्या, आणि येईल त्याला वाचून दाखवायला लागली. सावकाश, ओळ न् ओळ. "हे समजलं का? हे म्हणजे असं असं होऊ शकतं. काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा." ऐकून झालं की माणूस शेजारच्या टेबलावर सही करायला जायचा. हळूहळू लोक आपणहून आधी स्टुलापाशी थांबायला लागले. कारकून वैतागायचा, मग एक दिवस तोच म्हणाला, "ताई, यांना आधी तुम्हीच सांगा. तुमच्याकडून आलेला माणूस मला उलटे प्रश्न विचारत नाही." साहेब दोनदा येऊन उभे राहिले. पेशंटला कागद वाचून दाखवू नका असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

अशात कंपनीची वार्षिक पाहणी आली आणि सॉफ्टवेअरवाली स्वतः हॉस्पिटलात आली. एक खातं थांबलेलं बघून तिनं विचारलं आणि तिला स्टूल दाखवण्यात आलं. दोघी कँटीनमध्ये जाऊन बसल्या. आत्यानं शिंप्याची गोष्ट सांगितली. मुलगी ऐकत राहिली आणि म्हणाली, "ताई, ‘नाही’चं बटण बनवायला मला एक दुपार पुरेल."

"मग अडलंय कुठे?"

"ते दाबल्यावर पुढे काय, तिथे. ‘हो’चा रस्ता सरळ आहे, फाइल पुढे जाते. ‘नाही’ म्हटलं की कोणाला तरी थांबावं लागतं. कोणाला निरोप द्यायचा? कोण खाली येणार? किती वेळ वाट बघायची? हे मी ठरवू शकत नाही, हॉस्पिटलानं ठरवायचं असतं. आणि आजपर्यंत कुठल्याच हॉस्पिटलानं ते मागितलेलं नाही."

हा विचार आत्यानं केला नव्हता, असं तिनं नंतर आम्हाला सांगितलं. मग म्हणाली, "चल, बसून ठरवू."

त्यांनी ट्रेखालच्या कागदाच्या पाठीवर ठरवलं. ‘मान्य’, ‘काही भाग मान्य नाही’ आणि ‘नाही’. मधलं दाबलं की नको ती ओळ बोटानं खोडता यावी. खोडली की डॉक्टरांच्या फोनवर निरोप जावा, आणि डॉक्टर पेशंटशी बोलल्याशिवाय तो निरोप पुसला जाऊ नये. यादीत लाल आणि हिरव्याच्या मध्ये एक पिवळा रंग यावा. तातडीच्या पेशंटला यातलं काहीच आडवं येऊ नये, हे वाक्य आत्यानं स्वतः लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

व्यवस्थापकांना पिवळा रंग बिलकूल आवडला नाही. "यादी तुंबेल," ते म्हणाले. तेव्हा हाताचे डॉक्टर बोलले. एवढी वाक्यं ते एका दमात बोलल्याचं कोणाला आठवत नाही. "माझ्या टेबलावर झोपलेला माणूस कशाला हो म्हणालाय हे मला माहीत हवं. नाहीतर मी चाकू धरणार नाही. हवं तर लेखी देतो." त्यांनी खरंच लेखी दिलं. दोन भूलतज्ज्ञांनीही खाली सह्या केल्या. साहेब नमले.

पण तेवढ्यावरच. "हे पेशंटसाठी," ते म्हणाले. "कर्मचाऱ्यांच्या मेमोला ‘नाही’ वगैरे काही नको. उद्या प्रत्येक जण नाही म्हणेल."

"म्हणू दे की," आत्या म्हणाली. "ज्याला जे मान्य नाही ते तो म्हणेल."

"बाई, पेशंटचं तुम्हाला हवं ते मिळालं. आता तुमचा मेमो सही करून टाका. देवाणघेवाण समजा."

"पेशंटचं त्यांच्या हक्काचं मिळालं, साहेब. त्याच्या बदल्यात माझी सही? मी काय दुकान मांडलंय?" आणि ती जाऊन स्टुलावर बसली.

नवीन बटणं आली. पहिलं ‘नाही’ दाबलं एका निवृत्त बसचालकानं. एक तरुण सर्जन तावातावानं खाली आला. "कोण नाही म्हणालं?"

"मी," चालक म्हणाला. "भीती वाटतेय."

आत्यानं आपलं स्टूल डॉक्टरकडे सरकवलं. तो बसला. उभ्या माणसाचा राग बसल्यावर निम्मा होतो. बराच वेळ दोघं बोलत होते, आणि शेवटी चालकानं ‘मान्य’ दाबलं. सगळेच तसं करत नाहीत. काही जण ‘नाही’ दाबून घरी निघून जातात आणि परत येत नाहीत. साहेब अशांची आठवण आत्याला मुद्दाम करून द्यायचे. "हे तुमच्यामुळे गेले, बाई."

"त्यांच्या पायांनी गेले," ती म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी आत्याचं खातं आपोआप उघडलं. पडद्यावर एवढंच, ‘मेमो रद्द’. हजेरीही मागच्या तारखांसकट दुरुस्त झाली होती. ती सरळ केबिनमध्ये गेली.

"कोणी रद्द केला?"

"झाला ना? विषय संपला."

"का केला? चूक नव्हती म्हणून, की कंटाळलात म्हणून?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, तुम्ही जिंकलात. आता तरी आनंद माना."

"आनंद मानायला मला कारण कळायला नको का?"

कारण तिला कळलं नाही. ती आपल्या जुन्या टेबलावर येऊन बसली. कारकुनानं खुर्ची आधीच मोकळी करून ठेवली होती. तिनं टॅब उघडला आणि दिव्याच्या चित्रावर टिचकी मारून लिहिलं, ‘कर्मचाऱ्याला दिलेला मेमो रद्द करताना तो कोणी आणि का रद्द केला हे लिहिणं सक्तीचं असावं. तसंच मेमोखाली ‘मान्य नाही’ हे बटण असावं. ही सूचना मौल्यवान आहे हे मला ठाऊक आहे, ते कळवू नये. कधी करणार ते कळवावं.’

दुपारी सॉफ्टवेअरवालीचं उत्तर आलं, यंत्राचं नव्हे, तिचं स्वतःचं. ‘ताई, हे तुमच्या साहेबांनी मागितल्याशिवाय मला करता येणार नाही. त्यांना पत्र पाठवलंय. ते नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात परत पाठवीन.’

आत्या निवृत्त झाली तेव्हा चौथं पत्र गेलेलं होतं. निरोपसमारंभात तिला फुलं दिली, शाल दिली, आणि साहेबांनी तिच्याबद्दल बरंच चांगलं बोलून झाल्यावर सवयीनं विचारलं, कोणाला काही बोलायचंय का. ती उठली आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या पाचव्या पत्राचं काय करणार ते सगळ्यांदेखत विचारलं. साहेब म्हणाले, "विचार करतो." "तारीख सांगा," ती म्हणाली, आणि ते तारीख सांगेपर्यंत उभी राहिली.